सूर्यास्तानंतरचा थेंब

ताटाच्या अलीकडच्या कडेवरून एक पोरकिडा चालला होता. कडेच्या वळणाने तो सावकाश डावीकडे गेला, थांबला, वळला आणि आला त्याच वाटेने परत निघाला. ताट अक्काच्या मांडीवर होतं, ती कड तिच्या बाजूची. तिची बोटं मधोमध तांदूळ पसरत होती, बारीकसा खडा दिसला तरी चिमटीत धरून बाजूला टाकत होती. तिचा अंगठा आणि तो किडा यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं. किडा काळा, ताट स्टीलचं, दुपारचं लख्ख ऊन. तरी तिची नजर मधल्या तांदळावरून हलली नाही.

मी खांद्यावरची बॅग न उतरवता दारातच उभी राहिले.

"आलीस होय? बस लवकर मिळाली वाटतं," मान वर करून ती म्हणाली. मला तिने लगेच पाहिलं होतं. "हात-पाय धू. जेवलीस का?"

"जेवले. तांदळाला कीड लागलीय का गं?"

"छे. बघ की, एक नाही."

अक्का म्हणजे आमची आई. मामांचं ऐकून आम्हीही तिला अक्काच म्हणायचो. तिच्या हाताखालून गेलेल्या धान्यात किडा सापडला असं गल्लीत कधी झालं नव्हतं. सापडलेले किडे ती एका बशीत ठेवायची, सोबत चार कण्या टाकायची आणि बशी कपाटामागच्या सावलीत सरकवायची. "घर सुटलंय बिचाऱ्यांचं, उपाशी तरी कशाला मारायचं?" म्हणायची. मी तो पोरकिडा नखावर घेतला आणि कपाटामागे गेले. बशी कोरडी होती. तळाशी नुसती धूळ.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. अक्का जयसिंगपूरला माझ्या धाकट्या भावाकडे, धनपालकडे राहायची. त्या वेळी मी चार दिवसांची रजा काढून आले होते, कारण रविवारी अक्का दीक्षेला होकार देणार होती.

आम्ही दिगंबर जैन. आमच्यातली बाई संसार सोडते तेव्हा एकच पांढरं लुगडं नेसते, हातात मोरपिसांची पिंछी घेते, दिवसातून एकदाच ओंजळीत जेवते आणि आयुष्यभर अनवाणी चालते. चालताना नजर पुढच्या चार हात जमिनीवर ठेवायची. मुंगी असो, अळी असो, पायाखाली जीव सापडता कामा नये. वडील गेले त्या वर्षापासून अक्काच्या मनात हे होतं. आधी धनपालचं लग्न आडवं आलं, मग सुनेचं बाळंतपण, मग तिचे स्वतःचे गुडघे. चातुर्मासाला गावात ज्या कोणी माताजी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या साध्वी, मुक्कामाला असत त्या निघताना विचारायच्या, "राजमतीबाई, कधी?" आणि अक्का हात जोडून म्हणायची, "पुढच्या वर्षी."

त्या वर्षी तिने पांढरं लुगडं आणून ट्रंकेत ठेवलं होतं.

सूर्य बुडायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकली. अंधार पडू लागला तशी अक्का अंगणात पाटावर जपाला बसली. तिला काचबिंदू असल्याचं काही वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधाच्या दोन बाटल्या होत्या, एक सकाळची आणि एक रात्रीची. धनपाल दोन्ही न चुकता आणून द्यायचा. मी साबणाने हात धुतले, फ्रीजमधून रात्रीची बाटली काढली आणि तिच्यापाशी गेले.

"मान मागे टाक. थेंब घालते."

"राहू दे. माझं मी बघते."

"मी आहे तोवर मी घालते की."

"सकाळचा घालते ना मी. नळी पापणीला टेकू देत नाही, खालची पापणी ओढून धरते, एकच थेंब. सगळं ध्यानात आहे. तुझ्या पोरींना परीक्षेत बसवतेस तसं मला बसवू नकोस."

"मग आत्ताचा?"

"जप चाललाय माझा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

बाटली परत ठेवताना झाकणाखालची सीलची कडी अखंड दिसली. नवीन बाटली असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात धनपाल आला. "ताई, मंडपाचं सांगून आलो. बस्तीसमोरचा पूर्ण रस्ता घेतलाय," चपला काढता काढता तो म्हणाला. बस्ती म्हणजे आमचं मंदिर. "कागवाडची मंडळी येणार, शेडबाळची येणार. आपल्या घराण्यात अजून कुणी दीक्षा घेतलेली नाही. अक्का पहिली."

"अजून घेतली कुठंय?" अक्का डोळे न उघडता म्हणाली. "आधीच मिरवायला लागलास."

"उद्या तिला मिरजेला नेते," मी म्हटलं.

"आता? अगं, तीन दिवसांवर कार्यक्रम आलाय."

"म्हणूनच उद्या."

नजरेचा विस्तार मोजायचं यंत्र मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं असतं. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्यावरची नजर हलू द्यायची नाही, आणि कुठेही ठिपका चमकलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी अंधाऱ्या खोलीत मागच्या स्टुलावर बसले होते. मला तिची पाठ दिसत होती आणि बटणाची टिकटिक ऐकू येत होती. सुरुवातीला टिकटिक भराभर आली, मग थांबली. यंत्र आतल्या आत गुरगुरत ठिपके टाकत होतं. टिकटिक नव्हती.

"आजी, दिसलं की दाबा हं," यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली.

"दिसलं की दाबतेच आहे, बाळ."

पुन्हा नुसती गुरगुर. मी माझ्या हातांकडे बघत बसले.

डॉक्टर साळवी मॅडमनी दोन्ही डोळ्यांची चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. काळ्या भागाचा अर्थ मला सांगायची गरज नव्हती. दोन्हींत खालचा सगळा भाग काळा होता, बाजूंनी काळं वर चढत आलं होतं. मध्ये एक पांढरट गोल उरला होता.

"औषध नियमित चालू आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"सकाळचा एकसुद्धा चुकला नाही," अक्का म्हणाली.

"डोळ्यातलं प्रेशर थोडं वर आहे. पण औषध चालू असताना नजर एवढी जायला नको होती." त्यांनी चित्रं पुन्हा उचलून पाहिली. "आजी, यात गेलेलं परत येत नाही. उरलेलं धरून ठेवायचं, एवढंच थेंबांचं काम."

"उरलेलं म्हणजे काय?"

"समोरचं. सरळ बघितल्यावर दिसतं ते."

"आणि पायाजवळचं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "नाही."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. अक्काने पिशवीतून केळं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. समोर पट्टी बांधलेल्या डोळ्यांची माणसं नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवून येत-जात होती.

"सकाळचा चुकला नाही म्हणालीस," मी म्हटलं.

"खोटं नाही ते."

"रात्रीचा?"

तिने केळ्याचा घास खाल्ला, साल नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

"रात्रीचा मी घालत नाही."

"कधीपासून?"

"दोन चातुर्मास झाले."

"का, अक्का?"

"घशात उतरतो." तिने गळ्यावर बोट ठेवलं. "आधी वाटलं, भास होतोय. पण नाही. डोळ्यात घातला की जरा वेळाने जिभेच्या मुळाशी कडू लागतं, अगदी स्पष्ट. सूर्य बुडाल्यावर घशाखाली पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, असा नियम घेतलाय मी. देवासमोर घेतलाय. मग हा कडू थेंब कोण लागला? पाण्याचा मावसभाऊ?"

"अगं, ते औषध आहे. डोळ्याचं."

"जिभेला कळलं ना? मग झालं."

"कुणाला विचारलंस?"

"कडू मला लागलं आणि विचारायचं दुसऱ्याला?"

"मला तरी सांगायचंस."

"तू घाल म्हणाली असतीस. मग मी घातला असता, आणि आयुष्यभर मनात राहिलं असतं की लेकीनं सांगितलं म्हणून मोडला." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि मला काही कमी दिसत नव्हतं गं. पोथी वाचत होते, सुईत दोरा ओवत होते. थेंब घातला तरी तेवढंच, नाही घातला तरी तेवढंच. म्हटलं, दीक्षा घ्यायला निघालेय, एवढा साधा नियम पाळता येऊ नये?"

कडा जात असताना मधलं शाबूत राहतं, म्हणून माणसाला काही कळत नाही. हे मी वाचलेलं होतं. बाकावर बसून ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिचं बोट धरलं आणि तिच्या नाकाजवळ, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर टेकवलं.

"इथे एक बारीक छिद्र असतं. अश्रू इथूनच नाकात उतरतात. रडलं की नाक वाहतं ते म्हणूनच. थेंबही इथूनच खाली जातो. थेंब घातल्यावर डोळा मिटायचा आणि दोन-तीन मिनिटं हा कोपरा दाबून धरायचा. मग औषध डोळ्यातच राहतं. घशात जवळजवळ उतरत नाही."

तिने बोट तिथेच राहू दिलं. "मॅडमनी पहिल्या वेळी दाबून दाखवलं होतं खरं. मला वाटलं, डोळा चोळू नये म्हणून सांगतायत."

मी उठले. तिला घेऊन पुन्हा आत गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्या हळू आवाजात बोलल्या.

"आजी, हा थेंब रात्रीच घालायला हवा असं नव्हतं. रोज एक ठरलेली वेळ हवी. संध्याकाळी पाचला, सूर्य असताना घातला असता तरी चाललं असतं."

अक्काने मान डोलावली.

"आजपासून पाचला घाला. आणि आपल्या मनाने कुठलाच थेंब बंद करायचा नाही. कडू लागू दे, झोंबू दे, दम लागू दे, आधी येऊन मला सांगायचं. दोन्ही थेंब एकाच वेळी घालायची कधी वेळ आली तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. लक्षात राहील?"

"राहील," अक्का म्हणाली.

आणि राहिलं. पुढे ती माझ्याकडे सांगलीला आली, तेव्हा घड्याळात पाच वाजायच्या आधीच ती मान मागे टाकून बसलेली असायची. डोळा मिटून, कोपऱ्यावर बोट दाबून. तो पांढरट गोल शेवटपर्यंत तेवढाच राहिला.

परतीची बस मिळाली तेव्हा पाच वाजून गेले होते, त्या दिवसाचा थेंब हुकलाच. ती खिडकीशी बसली. अंकलीच्या पुलावर कृष्णेचं पाणी उन्हात चमकत होतं.

"म्हणजे पाचला चाललं असतं," ती म्हणाली.

"हो."

ती डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवून खिडकीबाहेर बघत राहिली.

धनपालला मी स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. त्याने भिंतीला पाठ टेकवली, तोंडावरून हात फिरवला. त्याला वाईट वाटलं होतं, यात शंका नाही. पण थोड्या वेळाने त्याचं डोकं मंडपाकडे वळलं.

"समोरचं दिसतंय ना तिला? मग माताजींना हे सगळं सांगायचं कशाला? संघात चार जणी बरोबर असतात. हात धरून नेतील."

अक्का दारात आली होती, ते आम्हाला कळलं नव्हतं. "मी पडू नये म्हणून हात धरतील रे," ती म्हणाली. "माझ्या पायाखाली कुणी पडू नये, त्याचं काय?"

"अक्का, इतकी वर्षं तू हेच धरून बसलीस. आणि आता डोळ्यांवरून—"

"नाही म्हटलंय का मी?" ती म्हणाली. "बघू की."

शनिवारी सकाळी तिने मला अंगणात हाक मारली. हातात ज्वारीचं माप होतं.

"खालचं दिसत नाही म्हणाल्या ना त्या? मग मी मान खाली घालून चालेन. खाली बघितलं की तेच समोरचं झालं. बरोबर की नाही?"

"थोडंसं बरोबर."

"थोडंसं कसं? तू कॉलेजात प्रयोग करतेस ना, मग हाही कर. ही ज्वारी टाक फरशीवर. विरळ टाक, मुंग्या चालतात तशी. मी चालते."

अंगणात काळी शहाबादी फरशी होती. मी ज्वारी टाकली. काळ्या दगडावर पांढरा दाणा स्वच्छ उठून दिसत होता. अक्काने पदर खोचला, हनुवटी छातीला लावली आणि निघाली. एक दाणा दिसला की थांबायची, पाय उचलून त्याच्या पलीकडे टाकायची. त्या दाण्याला ती कधीच चुकली नाही. पण नजर त्याच्यावर असताना पाय दुसऱ्यावर पडत होता. मी बोलले नाही. तिने बोलू नकोस असं सांगितलं नव्हतं, तरी मी बोलले नाही. भिंतीपर्यंत जाऊन ती वळली, तशीच सावकाश, मान मोडून परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा प्रसन्न होता.

"एकावरही नाही ना?"

मी उत्तर द्यायच्या आत तिचा चेहरा बदलला. पाऊल टेकताना तळव्याला काहीतरी टोचलं असावं. ती पायरीवर बसली, उजवा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यावरून हात फिरवला. टाचेला दाणे चिकटले होते, बोटांच्या मुळाशी होते. तिने ते एकेक काढून ओंजळीत घेतले. मग डावा पाय. तो बघायला तिने मान खाली घातली नाही, हातानेच चाचपला.

"ज्वारी होती म्हणून बरं," ती म्हणाली.

मी झाडू आणायला वळले. "नको. मी वेचते," ती म्हणाली आणि फरशीवर बसून हाताने चाचपत दाणे गोळा करू लागली. बराच वेळ लागला. पाच वाजता मी बाटलीची कडी तोडली आणि थेंब घातला. तिने कोपरा दाबून धरला. "आज कडू लागलं नाही," हात काढल्यावर ती म्हणाली.

रविवारी मंडप भरला होता. बायका हिरव्या, लाल साड्या नेसून आल्या होत्या. धनपाल नारळाचं तबक घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. होकार आला की वाजवायला बँडवाले बाहेर थांबले होते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अक्का मला घेऊन आत माताजींकडे गेली. माताजी तिच्यापेक्षा वयाने लहान होत्या. पाटावर बसलेल्या, मांडीवर पिंछी.

"वंदामि माताजी," अक्का वाकून म्हणाली. "एक विचारायचंय. डोळ्यात घातलेलं औषध घशात उतरलं, तर रात्रीचा नियम मोडतो का?"

माताजींना प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग त्या हसल्या. "नाही हो, बाई. डोळ्यातलं औषध म्हणजे आहार कसा होईल? कडू लागलं तर लागलं. तुम्ही काही प्यायला बसला नव्हता." अक्काच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू ओसरलं. "किती दिवस पाळलंत असं?"

"दोन चातुर्मास."

"विचारायचं होतं, राजमतीबाई."

"सोपं उत्तर मिळेल असं वाटलं, माताजी. म्हणून नाही विचारलं."

बाहेरून कोणीतरी बोलवायला आलं.

मंडपात स्तुती झाली, जुन्या पिंछीच्या जागी माताजींच्या हातात नवी दिली गेली. मग माताजींनी माइक जवळ ओढला आणि पहिल्या रांगेत अक्काला शोधलं. आत बोलणं झालं होतं, तरी रीत होती, विचारायला हवं होतं. गाव वाट बघत होतं.

"राजमतीबाई, काय ठरवलंत?"

अक्का उठली. धनपालने तबकातला नारळ हातात घेतला. पुढे पायरी होती, मी तिच्या कोपराला हात लावला, तर तिने तो हळूच बाजूला केला आणि होती तिथेच उभी राहिली. हात जोडले. मान ताठ, नजर सरळ माताजींकडे.

"माताजी, तुमचा चेहरा मला स्वच्छ दिसतोय," ती म्हणाली. "मांडीवरची पिंछी दिसत नाही. माझे पायसुद्धा मला दिसत नाहीत."

मंडपात कुजबुज झाली आणि थांबली. तिने जोडलेले हात खाली घेतले नाहीत.

"मी दीक्षा घेणार नाही. पुढच्या वर्षीही नाही."